चौदाव्या दिवसाची सोबत

म्हाळाच्या, म्हणजे पितृपक्षाच्या दिवसांत आमच्या पेडण्यातल्या इब्रामपुरात दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला वाड्यावाड्यांतून एक आवाज उठतो. का, का, का. हा आवाज असतो कावळ्याला बोलावणाऱ्या माणसाचा. केळीच्या पानावर वडे, खीर, अळवाची भाजी, भोपळा, काळ्या वाटाण्याचं सांबारं अशी वाडी मांडून घरचा कर्ता माणूस ती परसातल्या चिऱ्यावर ठेवतो, चार पावलं मागे सरतो आणि हाका मारू लागतो. भाद्रपदातलं ऊन नुकतं धुतल्यासारखं असतं. घरातले सगळे पडवीत उभे राहून एकाच माडाकडे बघत असतात. त्या दोन-चार मिनिटांत कुणी बोलत नाही. कावळा उतरला की कुणीतरी हळूच म्हणतं, "इलो." कोण इलो, ते कुणी विचारत नाही.

यंदा आमच्या परसात ही हाक नाही. ज्येष्ठात आई गेली. पहिल्या वर्षी भरणी श्राद्ध करायचं की वर्ष भरल्यावरच म्हाळ घालायचा, याची रीत घराघरात वेगळी. आमच्या घरात वर्ष पुरं होईपर्यंत वाडी ठेवत नाहीत. त्यामुळे या पंधरवड्यात मी दुसऱ्यांच्या घरच्या हाका ऐकतो आहे. आजवर मला वाटायचं, हा पंधरवडा गेलेल्यांचा आहे. आता वाटतं, तो मागे उरलेल्यांचाही तितकाच आहे आणि हे अर्धं आपल्या लक्षातून निसटलं आहे. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आई गेली त्या रात्री घर माणसांनी भरून गेलं होतं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. लाकडं कुठून आणायची, किरवंताला निरोप कोण देणार, दोडामार्गच्या मावशीला गाडी घेऊन कोण जाणार, हे सगळं अंगणात उभ्या उभ्या ठरलं. आमची चूल विझलेली होती. शेजारून पेजेचा टोप आला, सोबत तोरांची बरणी आणि कोऱ्या चहाची किटली. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला माणसं होती, दहाव्याला नदीवर होती. बाराव्याला बांदा, डिचोली, म्हापसा इथून नातेवाईक आले आणि पंक्ती उठल्या. त्या तेरा दिवसांत मला रडायलाही पुरतं सापडलं नाही. प्रत्येक क्षणी कुणीतरी काहीतरी विचारत होतं आणि त्या विचारण्यानं मला उभं धरलं होतं.

चौदाव्या दिवशी सकाळी मंडपवाल्याचा टेम्पो आला आणि खुर्च्या घेऊन गेला. मोठी पातेली ज्यांची त्यांना परत गेली. बहिणीची मुंबईची गाडी होती, भावाला जहाजावर रुजू व्हायचं होतं. दुपारी घरात मी आणि बाबा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब घालावे लागत. ते काम आईचं होतं. तेरा दिवस ते घरात असेल त्यानं केलं. कधी बहिणीनं, कधी मावशीनं. कुणी ठरवून केलं नाही, पण झालं. चौदाव्या दिवशी चार वाजता बाबा हातात थेंबांची बाटली घेऊन पडवीत येऊन उभे राहिले आणि कुणाकडे द्यावी ते त्यांना कळेना. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं नाही, आतल्या दाराकडे पाहिलं.

आई गेल्याचं त्या क्षणी घरात आलं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकी आल्या. तेरा दिवस त्या गर्दीत होत्याच, चुलीपाशी. त्या दिवशी मात्र आपल्या घरच्या फणसाच्या आठळ्या सुपात घेऊन आल्या, पडवीच्या पायरीवर बसल्या आणि सोलू लागल्या. धीर धर म्हणाल्या नाहीत की आईचा विषयही काढला नाही. थोड्या वेळानं बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि तेही सोलू लागले. अंधार पडला तेव्हा काकी उठल्या, अर्ध्या आठळ्या आमच्या घरात ठेवल्या आणि विचारलं, "रातीक काय करशात?" एवढंच. दोन दिवसांनी पुन्हा आल्या. त्यानंतर येतच राहिल्या. चार महिने होत आले, अजून येतात.

दुःखात आधार कशाला म्हणायचं, हे मला या बाईनं शिकवलं. म्हणून या पंधरवड्यात वाचकांपाशी एकच मागणं मांडतो. तेरा दिवस आपण सगळे जातोच. चौदाव्या दिवशीही जाऊ या.

आपल्या जुन्या माणसांनी मृत्यूनंतर जो क्रम लावून ठेवला आहे, त्याच्याकडे धर्मशास्त्र म्हणून बघणारे बघोत. मला त्यात माणसांच्या येण्याजाण्याचं एक वेळापत्रक दिसतं. पहिला, तिसरा, दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. मग महिन्या-महिन्याचं मासिक, मग वर्षश्राद्ध, आणि त्यापुढे दर भाद्रपदात म्हाळ. सुरुवातीला दिवस दाट, मग विरळ, पण धागा कधी तुटत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला एकदम गर्दीतून ओसाडीत सोडून द्यायचं नाही, हळूहळू सोडायचं, हे कुणाला तरी फार पूर्वी कळलं होतं. सुतकाचंही तसंच. विटाळाची कल्पना मला मान्य नाही आणि कधी होणारही नाही. पण त्या दहा दिवसांत माणसाला समाजानं सुटी दिलेली असते. त्यानं नटायचं नाही, सणाला जायचं नाही, गोड हसायचं नाही. कुणाच्या बारशाला गेला नाही तर कुणी रागवायचं नाही. आज खासगी नोकरीत चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडून बसणाऱ्याला ही सुटी कोण देतं? आपल्याकडे शोकासाठी वेगळी रजा देणारा सर्वांना लागू असा कायदा नाही. तो असायला हवा.

हे वेळापत्रक आमच्याकडे टिकलं त्यामागे इतिहास आहे. आमचा गोव्यातला पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, डिचोली-सत्तरीनंतर थोड्याच वर्षांनी. नव्या काबिजादीतला हा भाग. तोवर धर्मांतराची आणि देवळं पाडण्याची लाट ओसरली होती, म्हणून इथल्या रीतीभाती बऱ्याच अंशी अखंड राहिल्या. ज्या गोव्यात ती लाट पुरती पोचली, तिथेही गेलेल्यांशी नातं तुटलं नाही, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे लग्नाच्या आधी 'भिकाऱ्यांचें जेवण' घालतात, घराण्यातल्या मृतांच्या नावानं गोरगरिबांना पानावर बसवून. मुलगी बोहल्यावर चढण्याआधी आजी-आजोबांची आठवण जेवू घालायची. माणूस गेल्यावर महिन्यानं मीस होतं, त्याला हिंदू शेजारीही जाऊन मागच्या बाकावर बसतात. २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस. त्या संध्याकाळी दफनभूमीत मेणबत्त्या लागतात तेव्हा मला परसातली वाडीच आठवते. देव वेगवेगळे असतील, पण उरलेल्यांची भूक सारखीच आहे.

ही सगळी चौकट आपण अजून सांभाळली आहे. अडचण अशी की तिच्यातला विधी आपण जपला आणि माणसांचा वेळ मात्र कापत आलो. दहावा-अकरावा-बारावा एकत्र उरकतो. मासिकं त्याच दिवसांत एकदम करून टाकतो. समाचाराला जायचं ते व्हॉट्सअॅपवर हात जोडलेलं चित्र टाकून होतं. मी कुणाला दोष देत नाही. सुट्या मिळत नाहीत, मुलं बाहेरगावी, पुरोहित चार गावांत एक. पण जे कापलं गेलं तेच मुळात औषध होतं, हे निदान ध्यानात असू द्यावं.

ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचं पाणी वाढलं आणि पेडणे-डिचोलीतल्या नदीकाठच्या गावांत शिरलं. तेव्हा किती माणसं धावली होती! तांदूळ, चादरी, भांडी. तलाठी आले, पंचनामे झाले: इतके माड, इतकी बागायत, इतक्या भिंती. पुरात काय गेलं ते मोजता येतं, म्हणून मदत कुठे पोचवायची तेही कळतं. ज्या घरातून माणूस गेलं तिथला पंचनामा कोण करणार? थेंबांची बाटली कुणाकडे द्यायची हे कळेनासं होणं, रात्री अकराला सवयीनं दाराची कडी कुणासाठी तरी उघडी ठेवणं, बाजारात गेल्यावर गेलेल्या माणसाच्या आवडीची भाजी पिशवीत पडणं, हे नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं? ते बघायचं तर त्या घरात जाऊन थोडा वेळ बसावंच लागतं.

बसल्यावर बोलायचं काय, या भीतीनं पुष्कळ चांगली माणसं जात नाहीत. मलाही ही भीती होती. आई जाईपर्यंत मीही कित्येक घरांच्या पायऱ्या याच भीतीनं टाळल्या आहेत, त्याची आज खंत वाटते. आम्हाला भेटायला आलेल्यांत काहींनी म्हटलं, सुटली बिचारी. काहींनी म्हटलं, सोन्यासारखं मरण आलं, हातापायानं धड गेली. एकानं म्हटलं, आता बाबांकडे बघ, तू रडून कसं चालेल. सगळे प्रेमानं बोलत होते, त्यात शंका नाही. पण या वाक्यांनंतर मला गप्प बसावं लागे. ती वाक्यं माझं बोलणं संपवत होती. याउलट हणखण्याचे एक गृहस्थ आले, ज्यांना मी ओळखतही नव्हतो. ते म्हणाले, तुझ्या आईनं चाळीस वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला शिवणकाम शिकवलं. पैसे देता येत नव्हते तर म्हणाली, पहिलं झबलं माझ्या लेकराला शिव म्हणजे फिटलं. ते लेकरू म्हणजे मी. ते झबलं मला आठवणं शक्य नाही. पण त्या गृहस्थांनी मला आईचा एक असा दिवस दिला जो माझ्यापाशी नव्हता. शोकातल्या माणसाला हे हवं असतं. त्याच्या मृताचं नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकायला हवं असतं. आपण नाव घेतलं तर त्याला आठवण होईल, अशी समजूत करून आपण विषय टाळतो. तो विसरलेला असतो थोडाच!

आणि रडण्याबद्दल एक. 'रडू नकोस' हे वाक्य आपण इतक्या सहज उच्चारतो, की जणू रडणं हे श्रद्धेच्या कमतरतेचं लक्षण आहे. आळंदीला १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगावर नामदेवांचे अभंग आहेत. ज्यानं ज्ञानदेवांना ज्ञान दिलं, जो त्यांचा थोरला भाऊ आणि गुरू, त्या निवृत्तिनाथांच्या शोकाला त्या अभंगांत आवर राहिलेला नाही. देहाच्या नश्वरतेबद्दल त्यांना कुणी नवं काही सांगण्याची गरज होती का? तरी ते रडले, नामदेव रडले, आणि वारकरी परंपरेनं ते रडणं झाकलं नाही, सातशे वर्षं गात ठेवलं. पुढच्या वर्षभरात सोपान, मुक्ताई आणि स्वतः निवृत्तिनाथही गेले. आमच्या पेडण्यातल्या पालये गावात जन्मलेल्या सोहिरोबानाथ आंबियांची पदं इथल्या भजनांत गायली जातात; मर्तिकाच्या घरी भजनी मंडळ बसतं, तेव्हा पखवाजाच्या आवाजाखाली कोपऱ्यातलं माणूस मोकळं रडून घेतं, आणि कुणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. मोठ्यानं रडायला आडोसा देणं हीसुद्धा सोबतच आहे.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, हे हल्ली कुणीही सांगतं. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. १९६९ मध्ये एलिझाबेथ क्युबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी त्या मांडल्या, पण त्या मुख्यतः स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या लागू करून आपण त्यांच्यावर आणखी एक परीक्षा लादली: अजून तू स्वीकारापर्यंत कशी पोचली नाहीस? दुःख जिन्यासारखं चढत नाही. ते आमच्या शापोरा नदीसारखं आहे. भरती आली की समुद्राचं पाणी आत शिरतं आणि वाहत्या नदीला मागे रेटतं. पाश्चात्त्य मानसशास्त्रात बरीच वर्षं असं मानलं गेलं की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं हेच शोकाचं काम. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ग्रंथ संपादित केला आणि वेगळं म्हटलं: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते टिकवणं हा आजार नाही. त्यासाठी क्लास यांनी मुलं गमावलेल्या आईबापांचं ऐकलं होतं आणि जपानातल्या पितरपूजेचा अभ्यास केला होता. परसात उभं राहून हाक मारणाऱ्या आमच्या माणसांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये आलं. त्या नऊ वर्षांत त्या नवऱ्याला विसरल्या नाहीत आणि थांबूनही राहिल्या नाहीत. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते त्यांच्याच हातून.

रमाबाईंचं नाव आलं, म्हणून आपल्या रीतींतल्या एका क्रौर्याबद्दल बोललंच पाहिजे. याच पंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रीचं त्या दिवशी श्राद्ध होतं, सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरतात. जी कुंकवासह गेली तिचा मान. आणि जी मागे उरली? तिच्या बांगड्या आपण भर अंगणात, चार बायकांच्या हातून, तिच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट तासाला फोडतो. कुंकू पुसतो. नंतर तिला मुलीच्या लग्नात मागे उभं करतो. जिला सगळ्यांत जास्त माणसं हवी असतात, तिलाच रीत म्हणून माणसांतून बाहेर काढतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे रोजी, महाराष्ट्र शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाड हे काही मोठं शहर नाही, आपल्यासारखंच गाव आहे. तिथे जे होऊ शकलं ते पेडण्या-डिचोलीच्या प्रत्येक गावात झालं पाहिजे आणि ते कागदावर राहता कामा नये. पुढच्या मर्तिकाला बांगड्यांपाशी हात जाईल तेव्हा घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या बाईनं तो हात धरला पाहिजे.

अशीच आणखी काही घरं आहेत जिथे आपण कुजबुजतो, पण जात नाही. मुलानं स्वतःचा जीव घेतला, तर त्या आईकडे समाचाराला जाणारे निम्म्यानं कमी होतात आणि जे जातात ते 'का' एवढंच विचारतात. ती आई तो प्रश्न स्वतःला दिवसाला शंभरदा विचारत असते. पोटातच मूल गेलं, तर सुतक नाही, बारावा नाही, म्हणून जणू दुःखही नाही. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या सुनेला आपण म्हणतो, मोकळी झालीस. तिचे हात रिकामे झालेले असतात आणि रात्री दोनला अजून जाग येत असते, हे कोण बघतं?

मे २०२१ मधले करोनाचे दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून रोज पहाटेच्या मृत्यूंचे आकडे येत होते. त्या साथीत गोव्यासारख्या एवढ्याशा राज्यात सुमारे चार हजार माणसं गेली. त्याआधीच्या टाळेबंदीत दोडामार्गची, पत्रादेवीची हद्द बंद झाली, तेव्हा आमच्या गावची सून नदीपलीकडच्या माहेरी बापाचं तोंड बघायला जाऊ शकली नाही. खांदा नाही, पाणी पाजणं नाही, पेजेचा टोप नाही. पोशाखात गुंडाळलेली चार अनोळखी माणसं आणि फोनवर दिसणारा धूर. वेळापत्रकातलं एकही पान त्या घरांच्या वाट्याला आलं नाही. त्या कुटुंबांचा शोक अजून अंगणात यायचा राहिला आहे, असं मला वाटतं. अशा घरी आज इतक्या वर्षांनी गेलं तर उशीर झाला असं मानू नये.

आता थोडं व्यवहाराचं, कारण आधार पुष्कळदा कागदाच्या रूपानं लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत पंचायतीत करायची असते. पुढे बँक, विजेचा मीटर, पेन्शन, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, मामलेदाराच्या कचेरीतल्या फेऱ्या. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली रीत अशी, की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि एक गेला तरी दुसऱ्याचा अर्धा वाटा मुळातच त्याचा असतो. वारसाहक्क आणि इन्व्हेंटरीसाठी २०१२ चा वेगळा कायदा आहे. कित्येक बायकांना हे ठाऊक नसतं, आणि त्या नवऱ्याच्या मागे आपल्याच घरात आश्रितासारख्या राहतात. वाड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलीनं तिच्याबरोबर पेडण्याला जाऊन रांगेत उभं राहावं, फॉर्म भरून द्यावा. 'काही लागलं तर सांग' असं आपण सगळे म्हणतो. शोकातलं माणूस कधीच सांगत नाही. त्याला काय लागतं हे ठरवायचं त्राणच त्याच्यात नसतं. 'मंगळवारी दहाला गाडी घेऊन येतो, बँकेत जाऊ' हे म्हणणं वेगळं.

सोबत करायला शिक्षण लागतं का? याचं एक उत्तर आपल्याच गोव्यात सापडलं आहे. पर्वरीची 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून मनाच्या आजारांवर काम करते. तिच्या पुढाकारानं इथल्या आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग झाला: साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवायचं. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा स्पष्ट गुण आला. हे निष्कर्ष २०१० मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगातल्या कित्येक देशांनी त्यापासून धडा घेतला. नैराश्य आणि शोक या एक गोष्टी नव्हेत. पण शेजारच्या घरातलं माणूस नीट ऐकायला शिकलं तर दुसऱ्याला सावरू शकतं, हे तिथे सिद्ध झालं. काकींनी कुठलं प्रशिक्षण घेतलं नव्हतं. तरी दर दोन दिवसांनी येऊन बसायची शिस्त त्यांच्यापाशी होती.

काही वेळा मात्र सोबत पुरत नाही. सहा महिने, वर्ष लोटलं तरी माणूस जेवत नाही, अंथरूण सोडत नाही, मीही जातो म्हणू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा न ओसरणाऱ्या शोकाला २०२२ पासून अंमलात आलेल्या आपल्या यादीत आजार म्हणून जागा दिली आहे, त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. अशा माणसाला डॉक्टरकडे न्यावं, बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. आणि १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर केव्हाही फोन करून आपल्या भाषेत बोलता येतं. मीही जातो म्हणणाऱ्याला त्या रात्री एकटं ठेवू नये. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात आपल्याला संकोच वाटत नाही. इथेही वाटू नये.

बाबांच्या डोळ्यांचे थेंब आता बंद झाले. बाटली अजून फळीवर आहे, मीही ती काढलेली नाही. काकींच्या घरचा म्हाळ काल झाला. दुपारी त्यांच्या परसातून हाका ऐकू आल्या, बराच वेळ. कावळा येत नव्हता. बाबा खुर्चीतून उठले, आमच्या कुंपणापाशी गेले आणि त्यांच्या हाकेत आपली हाक मिसळू लागले. का, का, का. दोन्ही परसांतून. मग तो आला.

नदीच्या बाजूला खालच्या वाड्यावर एक घर आहे. वैशाखात तिथला तरणा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला. तेराव्यापर्यंत मी दोनदा गेलो होतो, त्यानंतर नाही. अमावास्येला आमचं भजनी मंडळ त्या घरी बसणार आहे, तसं त्या मुलाच्या बापाला विचारून ठेवलं आहे. पण अमावास्येला अजून पाच दिवस आहेत. उद्या संध्याकाळी मी आणि बाबा तिकडे जाऊन येऊ. तोरांची एक बरणी भरून ठेवली आहे. काय बोलायचं ते काही ठरवलेलं नाही.